संस्कृत न मिळालेला विद्यार्थी

दहावीला संस्कृत का घेतात? स्कोअरिंग आहे म्हणून. हॉस्टेलवर कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. आणि बारावीला आपल्यापैकी कितीतरी जणांनी बायोलॉजी आणि दुसरी भाषा सोडून इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घेतलं, तेही मार्कांचा हिशोब करूनच. विषय निवडणं म्हणजे फॉर्मवर एक टिक करणं, एवढंच आपल्याला माहीत.

मी कॉन्व्हेंटमधली. शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला एक परिच्छेद आणि १४ एप्रिलची सुट्टी. घटनेचे शिल्पकार, बस्स. गेल्या सुट्टीत त्यांचं चरित्र वाचलं तेव्हा महाड आणि पुणे करारापेक्षा मी अडकून पडले ती त्यांच्या शाळेच्या आणि कॉलेजच्या पानांवर.

जन्म १८९१ चा, महूचा. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तसंच राहायचं. पुढे कुटुंब मुंबईला आलं. परळला डबक चाळीत एकच खोली, स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं त्यातच. वडील रामजी सुभेदार जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवायचे. (आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री दोनला सगळं हॉस्टेल जागं असतं, पण ते वेगळ्या कारणाने!)

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नावाजलेली. एकदा शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. तो फळ्याला हात लावायच्या आत पोरं धावली आणि डबे बाजूला केले. गणित त्याने सोडवलं.

पण डब्यांपेक्षा मला संस्कृतचा प्रसंग जास्त लागला. त्या वेळी मॅट्रिकला इंग्रजीबरोबर एक दुसरी भाषा घ्यावी लागायची. भीमरावाला संस्कृत हवं होतं. शाळेत तो विषय होता, शिकवणारे होते, फक्त अस्पृश्य मुलाला शिकवायची त्यांची तयारी नव्हती. थोरल्या भावावरही हीच वेळ आली होती. शेवटी दोघांनाही पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे विषयांची यादी भिंतीवर सगळ्यांसाठी एकच लागलेली, पण प्रत्यक्षात ती प्रत्येकासाठी वेगळी. आणि शाळेत जी भाषा घेतली तीच पुढे कॉलेजात बरोबर येणार. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी बंद झालेलं दार तिथेही बंदच राहिलं.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. मार्क ७५० पैकी २८२. आज आपण ही टक्केवारी बघून नाक मुरडू, पण तेव्हा त्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही एवढी मोठी गोष्ट होती की सत्काराची सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. नुसतं पुस्तक देऊन गुरुजी थांबले नाहीत. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये पैशाअभावी शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये स्कॉलरशिप सुरू झाली. मुलर नावाचे प्रोफेसर पुस्तकं द्यायचे, कपडेसुद्धा द्यायचे. शाळेतून कॉलेजात जाणं हे नुसत्या मार्कांवर होत नाही, मध्ये असं कुणीतरी उभं असावं लागतं, हे मला इथे पटलं.

बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये बडोद्याच्याच स्कॉलरशिपवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले. तिथे काय शिकायचं हे विद्यार्थ्याने ठरवायचं. आणि ह्या माणसाने काय केलं? अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच आणि जर्मन एकेक. आपण दोन इलेक्टिव्ह निवडताना सीनियर्सना विचारत फिरतो की पेपर सोपा कुणाचा! अनेक वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला कुणी भरल्या ताटापुढे बसवावं तशी मला ती यादी वाटली.

संस्कृत मात्र मनातून गेलं नाही. पुढे स्वतःच्या हिमतीवर ते त्या भाषेकडे वळले. १९४६ मध्ये शूद्र कोण होते ह्या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सरळ सांगितलंय की संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही, पण इंग्रजी भाषांतरं आपण पंधरा वर्षं अभ्यासली आहेत. एवढा विद्वान माणूस हे छापून मोकळा होतो, आणि ते प्रभुत्व का नाही हे आपल्याला माहीत असतं. गंमत अशी की १९४९ मध्ये राजभाषेचा वाद पेटला तेव्हा संस्कृतला राजभाषा करा म्हणणाऱ्यांत तेही होते.

बाकी त्यांनी काय केलं ते आपल्या हॉस्टेलवाल्यांनी मुद्दाम वाचावं. खेड्यातल्या मुलाला हायस्कूल म्हणजे शहर, आणि शहरात राहायला जागा कोण देणार? म्हणून १९२५ च्या जानेवारीत त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला काढलं ते हायस्कूलच्या मुलांसाठी बोर्डिंग. कॉलेजं नंतर आली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादला, ज्याचं नाव पुढे मिलिंद पडलं.

आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते पाली भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश तयार करत होते. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदीतही दिलेत. महाराष्ट्र सरकारने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाचा तो सोळावा खंड आहे, १९९८ साली छापलेला.