मेंदूत काय बिघडलंय, हे कमरेतल्या सुईनं शोधणारा डॉक्टर : हाइनरिख क्विंके

डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायचं म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. सुई टोचली की माणूस लुळा पडतो, ही भीती आजही आहे. पण ज्यानं ही पद्धत रूढ केली, त्यानं सुईची जागाच तो धोका टाळेल अशी निवडली होती.

हाइनरिख क्विंके यांचा जन्म १८४२ सालचा, जर्मनीतला. १८७२ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या मणक्यातल्या द्रवात हिंगुळाचे लाल कण सोडले आणि ते कुठवर जातात ते पाहिलं. मज्जारज्जूभोवतीचं पाणी मेंदूभोवतीही फिरतं, हे त्यातून दिसलं.

पुढे कील शहरात प्राध्यापक असताना त्यांच्यासमोर मेंदूत पाणी साठलेली लहान मुलं यायची. दाब कमी करायचा, पण कसा? मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्या खाली फक्त मज्जातंतूंचे धागे असतात, ते सुईपासून बाजूला सरकतात. क्विंके यांनी तिथेच बारीक पोकळ सुई घातली आणि १८९१ मध्ये वीसबाडेनच्या वैद्यकीय परिषदेत हे काम मांडलं.

त्याच सुमारास लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर यांनीही असा प्रयत्न केला होता. पण क्विंके यांचं वेगळेपण म्हणजे काढलेलं पाणी त्यांनी फेकून दिलं नाही. त्याचा दाब मोजला, प्रथिनं आणि साखर तपासली, क्षयाचे जंतू शोधले. उपचारासाठी घातलेली सुई निदानाचं साधन बनली.

याचं महत्त्व बरोबर १०० वर्षांनी, १९९१ मध्ये पुन्हा दिसलं. फिट येणाऱ्या काही मुलांच्या रक्तात साखर व्यवस्थित होती, पण मणक्यातल्या पाण्यात कमी. म्हणजे साखर मेंदूपर्यंत नेणारं प्रथिनच बिघडलेलं. या आजाराला आज ग्लुट-१ कमतरता म्हणतात. जास्त स्निग्ध पदार्थांचा कीटोजेनिक आहार दिला की मेंदूला साखरेऐवजी दुसरं इंधन मिळतं. निदान लवकर झालं तर फरक पडतो.

आता मास स्पेक्ट्रोमीटरनं या पाण्यातली कितीतरी रसायनं एकाच वेळी मोजता येतात. डोपामिनसारखी रसायनं मेंदूत नीट बनतात का, हेही त्यांच्या अवशेषांवरून कळतं.

सुईनंतर डोकेदुखी होऊ शकते. मेंदूतला दाब फार वाढला असेल, तर डॉक्टर आधी स्कॅन करतात. पण लुळं पडण्याची शक्यता अत्यंत कमी.

क्विंके १९२२ मध्ये गेले. सुईची जागा मात्र आजही तीच आहे.