हॉल्डेन, शेळ्या आणि पाणबुड्याच्या मनगटावरचा कॉम्प्युटर

भोर तालुक्यातले भाटघर आणि राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातले पानशेत हे जलाशय समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहेत. तिथे शोधकार्यासाठी उतरणाऱ्या पाणबुड्याच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असेल, तर त्यात उंचीची नोंद हवी. ती का हवी, याचे उत्तर जॉन स्कॉट हॉल्डेन या डॉक्टरच्या आयुष्यात सापडते.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिंबरोचा. वैद्यकीची पदवी घेतल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. ते गटारांत आणि कोळशाच्या खाणींत उतरून तिथली हवा तपासू लागले. खाणीतल्या स्फोटानंतर बहुतेक कामगार भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. हा वायू त्यांनी स्वतः हुंगून पाहिला होता. खाणकामगारांनी धोका ओळखण्यासाठी लहान प्राणी सोबत न्यावेत, हा सल्लाही त्यांचाच. पुढे त्यासाठी कॅनरी पक्षी वापरले जाऊ लागले.

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने त्यांच्यापुढे पाणबुड्यांचा प्रश्न ठेवला. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. माणूस घाईने वर आला की त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे दुखतात, हातपाय लुळे पडतात, कधी जीवही जातो. हॉल्डेन यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या पोलादी टाकीत शेळ्या ठेवून दाब वाढवला आणि कमी केला. दुखू लागले की शेळी पुढचा पाय उचलून धरी. दाब एकदम निम्म्यावर आणला तरी शेळ्यांना सहसा त्रास होत नाही, असे दिसले. म्हणजे महत्त्व होते ते दाबांच्या गुणोत्तराला, नुसत्या खोलीला नव्हे.

त्यावरून त्यांनी टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके बनवली. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत, म्हणून हिशेबासाठी पाच कप्पे मानले. स्कॉटलंडच्या समुद्रात नौदलाच्या पाणबुड्यांनी २१० फुटांपर्यंत जाऊन ही पद्धत पडताळली. तेरा वर्षांचा मुलगा जॅकही तिथे पाण्यात उतरला होता. हाच पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून गाजला, भारतात स्थायिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. वडिलांचा शोधनिबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९११ मध्ये हॉल्डेन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर विरळ हवेचा अभ्यास करायला गेले. महायुद्धात विषारी वायूंवरच्या मुखवट्यांसाठी झटले. १९३६ मध्ये, इराण-इराकच्या तेलक्षेत्रांतल्या उष्माघाताची पाहणी करून परतल्यावर, ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले.

निम्म्या दाबाचा त्यांचा सरळ नियम पुढे अपुरा ठरला. झुरिकचे डॉ. अल्बर्ट ब्यूलमान यांनी डोंगरातल्या सरोवरांचा विचार करून सोळा कप्प्यांचे गणित मांडले. आजच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये तेच असते. पण पाया हॉल्डेन यांचाच.

आता भाटघरकडे वळू. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे तेवढ्याच खोलीवरून वर येताना गुणोत्तर वाढते आणि बुडबुड्यांचा धोकाही. काही कॉम्प्युटर उंची आपोआप ओळखतात, काहींत ती निवडावी लागते. पाण्यात शिरण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. पाणी गोडे की खारे, हेही निवडावे, नाहीतर खोली सुमारे तीन टक्के चुकते. सावधगिरीची पातळी थकवा, थंडी, वय किंवा वजन जास्त असेल तर वाढवावी. घाई आहे म्हणून कमी करू नये.

हाच हिशेब तारकर्लीला डायव्हिंग करून वरंध घाटाने भोरला परतणाऱ्यांनाही लागू होतो. कारण घाट चढणे म्हणजे दाब कमी होणे. विमानप्रवासासाठी सांगितलेला नियम इथेही पाळलेला बरा: एका डायव्हनंतर किमान १२ तास, अनेक डायव्हनंतर १८ तास थांबावे. नंतर सांधेदुखी, मुंग्या किंवा चक्कर जाणवली, तर थकवा समजून झोपू नका. ताबडतोब ऑक्सिजन देणाऱ्या रुग्णालयात जा आणि डायव्हिंग केल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.