सयाजीराव गायकवाड (तिसरे)

महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे (११ मार्च १८६३ – ६ फेब्रुवारी १९३९) हे बडोदा संस्थानाचे अधिपती व समाजसुधारक होते. त्यांचे मूळ नाव गोपाळराव काशीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

दत्तकविधान व पार्श्वभूमी

महाराज खंडेराव यांच्या निधनानंतर १८७० मध्ये त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत उधळपट्टी व जुलूम यांमुळे रयत त्रस्त झाली. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी झाली, परंतु आयोगातील हिंदी सदस्यांना तो आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. अखेर गैरकारभाराच्या कारणावरून ब्रिटिश सरकारने १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. त्यानंतर खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले.

शिक्षण व राजधर्माचे धडे

दत्तक येईपर्यंत सयाजीरावांना अक्षरओळखही नव्हती. एफ. ए. एच. इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा आत्मसात केल्या. अज्ञानकाळात राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांच्या हाती सत्ता येण्यापूर्वी १८८१ मध्ये त्यांनी राजाच्या कर्तव्यांवर व्याख्याने दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने ग्रंथरूपात आली. प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन होय आणि राजाच्या इच्छेलाही मर्यादा असली पाहिजे, हा त्या उपदेशाचा गाभा होता. मल्हाररावांचे उदाहरण ताजे असल्याने तो तरुण राजाला केवळ पुस्तकी वाटण्याचे कारण नव्हते.

कारकीर्द

२८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. संस्थानात दौरे करून त्यांनी रयतेची स्थिती प्रत्यक्ष पाहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी त्यांनी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तेथे शिकवण्यास तयार नसत, तरी शाळा बंद केल्या नाहीत. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये प्रथम अमरेली भागात करण्यात आला आणि अनुभव घेतल्यावर १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू झाला. बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा, न्यायखात्याची कारभारापासून फारकत, गावोगावची ग्रंथालये व बँक ऑफ बडोदा (१९०८) ही त्यांची अन्य महत्त्वाची कार्ये होत.

सत्तेच्या मर्यादा

बाबासाहेब आंबेडकर यांना १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेता आले. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यात नोकरीसाठी आले. परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना व कचेरीतही अपमान सोसावे लागले, त्यामुळे त्यांनी बडोदे सोडले. राजाच्या आज्ञेने शाळा उघडता येते, परंतु लोकांच्या घरांची दारे उघडत नाहीत, हे या प्रसंगाने दिसून आले. सयाजीरावांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते.

निधन

सुमारे ६३ वर्षांच्या कारकिर्दीनंतर ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. बडोद्यातील महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.