केळीच्या टिश्यू कल्चर रोपामागचा माणूस : प्रयोग फसला, पण विचार खरा ठरला

केळी लावायची म्हटलं की आज जळगाव, सोलापूरकडचे बरेच शेतकरी मुनवे शोधत बसत नाहीत, टिश्यू कल्चरची जी-नाईन रोपं आधीच बुक करतात. बाग एकसारखी वाढते, निसवण जवळपास एकाच वेळी होते. या तंत्रामागचा मूळ विचार १९०२ साली मांडला गॉटलीब हाबरलांट यांनी.

हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ चा, हंगेरीतला. वडील फ्रेडरिक हे शेतीचे प्राध्यापक. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना सोयाबीनचं बियाणं मिळालं. ते पेरून बघून त्यांनी युरोपातल्या शेतकऱ्यांना या पिकाची ओळख करून दिली. म्हणजे बापाने सोयाबीन, तर लेकाने टिश्यू कल्चर!

गॉटलीब ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात प्राध्यापक झाले. पानाच्या आत कोणती पेशी काय काम करते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यातूनच त्यांच्या मनात आलं, की झाडाची एकच पेशी काढून वेगळी वाढवली तर? तिच्यापासून अख्खं झाड व्हायला हवं.

त्यांनी तुळशीच्या कुळातल्या एका तणाच्या पानातल्या पेशी सुट्या केल्या आणि साखर व क्षार घातलेल्या पाण्यात ठेवल्या. पेशी काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, त्यांच्यात पिष्टही साठलं. पण एकाही पेशीचे दोन भाग झाले नाहीत. पेशी फुटल्याशिवाय रोप कुठून होणार?

प्रयोग फसला. हाबरलांट यांनी तो झाकून ठेवला नाही. जे झालं, जे झालं नाही, ते सगळं छापलं. पेशी फुटायला अन्नासोबत वाढीचं आणखी काही द्रव्य लागत असावं, हा अंदाजही त्यांनी दिला. पुढे ते बर्लिनला गेले. १९१३ मध्ये बटाट्याच्या तुकड्यांवर प्रयोग करून असं द्रव्य असतं हे त्यांनी दाखवलं.

तोच धागा धरून इतरांनी काम पुढे नेलं. १९३९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेत गाजर, तंबाखूच्या पेशी प्रयोगशाळेत सतत वाढवता आल्या. तेव्हा हाबरलांट ८४ वर्षांचे होते. ३० जानेवारी १९४५ ला, महायुद्ध चालू असतानाच त्यांचं निधन झालं.

गाजराच्या पेशींपासून पूर्ण रोप तयार झालं ते १९५८ साली, त्यांच्या मागे १३ वर्षांनी. त्या प्रयोगात पेशींना वाढवायला नारळाचं पाणी वापरलं होतं. १९६० मध्ये ऑर्किडच्या शेंड्यापासून भराभर रोपं करण्याची पद्धत निघाली. केळीच्या कंदातला कोवळा कोंब घेऊन बाटलीत रोपं करतात, ती त्याच वाटेवरची.

स्वतः हाबरलांट यांना आयुष्यात एकही रोप असं उगवता आलं नाही. पण फसलेला प्रयोग त्यांनी जसाच्या तसा लिहून ठेवला, म्हणून पुढच्यांना वाट सापडली.