विल्यम हेन्री स्लीमन

मेजर जनरल सर विल्यम हेन्री स्लीमन (८ ऑगस्ट, इ.स. १७८८ : स्ट्रॅटन, कॉर्नवॉल, इंग्लंड - १० फेब्रुवारी, इ.स. १८५६ : श्रीलंकेजवळ, समुद्रप्रवासात) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील एक लष्करी व मुलकी अधिकारी होते. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. लाखोळीच्या डाळीमुळे येणाऱ्या पांगळेपणाची भारतातील एक आरंभीची व सविस्तर नोंदही त्यांनीच करून ठेवली आहे. लाखोळीचे पीक आजही घेणाऱ्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने या नोंदीला विशेष महत्त्व आहे.

जन्म व लष्करी सेवा

स्लीमन यांचे वडील फिलिप स्लीमन हे अबकारी खात्यात अधिकारी होते. इ.स. १८०९ मध्ये बंगालच्या सैन्यात निवड झाल्यावर स्लीमन भारतात आले. इ.स. १८१४ ते १८१६ या काळातील नेपाळ युद्धात त्यांनी भाग घेतला. इ.स. १८१८ मध्ये पेशव्यांकडून सागर आणि नागपूरकर भोसल्यांकडून जबलपूर, नरसिंहपूर इत्यादी मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला व त्याचा 'सागर व नर्मदा प्रदेश' बनला. इ.स. १८२० मध्ये स्लीमन यांची या प्रदेशाच्या मुलकी प्रशासनात नेमणूक झाली. पुढे नरसिंहपूर व जबलपूर येथे त्यांनी काम केले.

शेतीविषयी त्यांना आस्था होती. मॉरिशसमार्गे आलेला ओटाहाइटी जातीचा ऊस त्यांनी जबलपूर भागात आणला. इ.स. १८२८ मध्ये जबलपूरजवळ त्यांना मोठ्या प्राण्याची अश्मीभूत हाडे सापडली. ती डायनोसोरची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. इ.स. १८२९ मध्ये त्यांचा विवाह अमेली द फाँतेन यांच्याशी झाला.

ठगांचा बंदोबस्त

वाटसरूंचा विश्वास संपादन करून त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध स्लीमन यांनी मोहीम उघडली. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेऊन त्यांनी टोळ्यांच्या वंशावळी व नकाशे तयार केले. इ.स. १८३५ मध्ये ते या मोहिमेचे प्रमुख झाले व इ.स. १८३९ मध्ये दरोडेखोरीच्या बंदोबस्ताचे कामही त्यांच्याकडे आले. माफीच्या साक्षीवर दिलेल्या शिक्षा आणि ठगीचे त्यांनी रंगवलेले स्वरूप यांविषयी आधुनिक इतिहासकारांत मतभेद आहेत.

तांबेऱ्याचा प्रादुर्भाव

इ.स. १८३५-३६ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव रजा घेऊन स्लीमन नर्मदेच्या खोऱ्यातून हिमालयाकडे गेले. या प्रवासाचे वर्णन इ.स. १८४४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यात पिकांवरील रोगांवर स्वतंत्र प्रकरण आहे. नर्मदेच्या खोऱ्यात मैलोन् मैल पसरलेला गहू तांबेऱ्याने असा नष्ट झाला, की बहुतेक शेते कापण्याचा खर्चही परवडेना, असे त्यांनी नमूद केले आहे. गावकरी या आपत्तीकडे दैवी कोप म्हणून पाहत. स्लीमन मात्र वाऱ्याबरोबर पसरणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंना दोष देत.

लाखोळीचे विष

याच प्रवासात सागरच्या परिसरातील एका गावी त्यांच्या तंबूभोवती अनेक तरुण जमले. कमरेखालील भाग लुळा पडल्याने ते उपाय विचारण्यास आले होते. स्लीमन यांनी त्यांच्या आजाराचा वर्षवार मागोवा घेतला. इ.स. १८२९ मध्ये गारपिटीने रब्बी पिके गेली, इ.स. १८३० मध्ये पावसाअभावी उत्पन्न घटले आणि इ.स. १८३१ मध्ये गव्हावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारी, एरवी गुरांना घातली जाणारी लाखोळी मात्र तरारून आली. हिंदी मुलखात तिला तिवडा किंवा खेसारी म्हणतात. दुसरे धान्य नसल्याने लोकांनी तिच्यावरच गुजराण केली.

इ.स. १८३३ पासून परिणाम दिसू लागले. तिशीच्या आतील माणसे अचानक, अनेकदा झोपेतच, पांगळी होऊ लागली. दोन वर्षांत त्या गावातील सुमारे निम्मे तरुण-तरुणी या व्याधीने ग्रासले. मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण अधिक होते. इ.स. १८३४ नंतर नवा रुग्ण आढळला नाही, पण एकदा पांगळा झालेला कोणी बराही झाला नाही. गुरे पाला व काड खातात, माणसे मात्र केवळ दाणा खातात; विष दाण्यात अधिक असेल तर माणसांना अधिक धोका संभवतो, असा तर्क त्यांनी मांडला. या रोगाला 'लॅथिरिझम' हे नाव इ.स. १८७३ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर जवळपास तीन दशकांनी मिळाले. आयुर्वेदाच्या ग्रंथांत मात्र 'कलायखंज' या नावाने अशाच व्याधीचा उल्लेख पूर्वीपासून आढळतो.

अखेरची वर्षे

इ.स. १८४३ पासून स्लीमन ग्वाल्हेर येथे आणि इ.स. १८४९ पासून लखनौ येथे रेसिडेंट होते. अवधच्या कारभारावर त्यांनी कठोर टीका केली. तथापि ते राज्य खालसा करण्यास त्यांचा विरोध होता. इ.स. १८५६ च्या फेब्रुवारीत अवध खालसा झाले आणि त्याच महिन्यात, मायदेशी परतत असताना जहाजावर त्यांचे निधन झाले. मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातील स्लीमनाबाद हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते.

नंतरचे संशोधन व पूर्व विदर्भ

इ.स. १८६१ मध्ये सागर-नर्मदा प्रदेश व नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला. आजचा गोंदिया जिल्हा त्यातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १९ व्या शतकाच्या अखेरच्या मोठ्या दुष्काळांत या प्रांतात तीच व्याधी पुन्हा पसरली. डॉ. अँड्र्यू ब्यूकॅनन यांचा तीविषयीचा अहवाल इ.स. १९०४ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाला. स्लीमन यांची नोंद छापून तोवर साठ वर्षे झाली होती.

इ.स. १९६४ मध्ये बंगळूर व दिल्ली येथील संशोधकांनी दाण्यातील मज्जासंस्थेला घातक असे अमिनो आम्ल वेगळे केले. त्यापूर्वी, इ.स. १९६१ मध्ये, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत या डाळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली होती. लागवडीवर बंदी नव्हती. पूर्व विदर्भात उभ्या धानाच्या बांधीत बी फेकून हे उतेरा पीक घेतात. नांगरणी व पाणी न देता ते ओलीवर येते आणि अवर्षणातही तग धरते. इतर अन्नाबरोबर थोड्या प्रमाणात खाल्ल्यास या डाळीपासून सहसा अपाय होत नाही. भिजवून किंवा उकळून पाणी फेकून दिल्यास विषाचे प्रमाण घटते. कमी विषारी 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' या जाती विकसित झाल्या आहेत. जेव्हा अन्य धान्य मिळत नाही आणि महिनोन् महिने हीच डाळ मुख्य आहार बनते, तेव्हा धोका उद्भवतो. सागरजवळच्या त्या गावी नेमके हेच घडले होते.