मैदानावर सवर्ण, मंडपाबाहेर अस्पृश्य : बाळू पालवणकर यांची कहाणी

भारतीय संघ कसोटी क्रिकेटमध्ये उतरला तो जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सच्या मैदानावर. त्या वेळी बाळू पालवणकर यांनी वयाची पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या नामावळीत त्यांचे नाव नाही आणि आकडेवारीतच रमणाऱ्या क्रिकेटशौकिनांच्या स्मरणातूनही ते बराच काळ निसटलेले होते. मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण, असे कोणी विचारले असते तर गोऱ्या साहेबापासून पुण्यातील सनातनी वकिलापर्यंत बहुतेकांनी एकच नाव घेतले असते. ते नाव चांभार कुटुंबात जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे होते.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना लष्कराची छावणी हा एकच असा मुलूख होता, जिथे पोटाला भाकरी आणि डोळ्यांना निराळे जग या दोन्ही गोष्टी मिळत. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब पुण्याला आले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम यांनी क्रिकेटची धुळाक्षरे गिरवली.

शाळा लवकरच सुटली आणि घराला हातभार लावण्यासाठी बाळूने नोकरी धरली. ती पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चार चेंडू टाकायला मिळत, तेवढीच काय ती चैन. पुढे १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेला आणि पगार चार रुपये झाला. खेळपट्टी तयार करणे, जाळ्या उभारणे, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखणे ही कामे तिथेही होतीच. एका गोऱ्या सभासदाने त्याला जाळीत गोलंदाजी करण्यास सांगितले आणि या नोकराच्या बोटांत काय दडले आहे, हे साहेबांच्या ध्यानात आले.

त्या जिमखान्याचा सर्वांत नावाजलेला फलंदाज म्हणजे कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. त्याच्या नावाचा उच्चार देशी कानांना ‘जंगली’ असा ऐकू येई, म्हणून तो सर्वत्र ‘जंगली ग्रेग’ म्हणून ओळखला गेला. (हा लष्करी गृहस्थ उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाला, हीदेखील एक मौजच.) ग्रेग इतर सभासदांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूच्या गोलंदाजीवर तास न् तास सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याची बोली त्याने केली होती, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढे निश्चित की एका उत्तम फलंदाजाला रोज गोलंदाजी करून बाळूच्या माऱ्याला धार चढली. दोन्ही बाजूंना चेंडू वळवणे, उंची आणि टप्पा बदलत राहणे, एकाच हालचालीतून वेग कमी-अधिक करणे हे सारे त्याने इथे आत्मसात केले. मात्र पूना जिमखान्यात त्याला एकदाही फलंदाजी करू देण्यात आली नाही. बॅट हे सरदारांचे शस्त्र, चेंडू टाकणे हे चाकराचे काम, असा तो हिशेब होता. विलायतेतही तो फारसा निराळा नव्हता.

पुण्यातील हिंदूंचा एक क्लब त्या सुमारास युरोपियनांना आव्हान देण्याच्या तयारीत होता. शहरातला सर्वोत्तम गोलंदाज हिंदू होता, पण अस्पृश्य. क्लबातील तेलुगू सभासदांना बाळू संघात हवे होते. मराठी ब्राह्मण सभासदांचे मन तयार होईना. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली. त्यात ग्रेगने बाळूला वगळणे मूर्खपणाचे ठरेल असे जाहीरपणे सुचवल्याचाही वाटा होता, असे सांगतात. बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलत होता, क्षेत्ररक्षक एकमेकांकडे फेकत होते. तोच चेंडू, तीच बोटे. चहापानाची वेळ झाली की सहकाऱ्यांचा चहा मंडपात चिनी मातीच्या कपांतून आणि बाळूंचा मंडपाबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. जेवण वेगळ्या पंगतीला. तोंड धुवायचे तर पाणी ओतायला त्यांच्याच जातीचा नोकर. स्पर्शाचा दोष कातडी चेंडूला कसा लागत नाही आणि कपाला कसा लागतो, याचे शास्त्रीय उत्तर त्या काळच्या कोणा शास्त्रीबुवांनी दिल्याचे ऐकिवात नाही.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची कथा प्रसिद्ध आहे. बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी दगडासारखी टणक केली होती, तरीही बाळूंनी सात बळी टिपले आणि हिंदू संघ जिंकला. त्यानंतर पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्या प्रसंगी बाळूंना हार घातला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, अशा आशयाचे खडे बोल सहकाऱ्यांना सुनावले, असे उल्लेख आढळतात. पुढे टिळकांनीही बाळूंचा गौरव केला. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर पुण्याचे हे दोन ध्रुव क्वचितच एका व्यासपीठावर आले असतील. बाळूंच्या कौतुकात मात्र त्यांचे एकमत होते.

पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि शतकाच्या अखेरीस बाळूंनी मुंबई गाठली. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांची नाखुशी होती. कप्तान कीर्तिकर यांनी ती मोडून काढली. उपजीविकेसाठी बी.बी.सी.आय. रेल्वेची नोकरी होती आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत. पुण्याच्या मानाने मुंबई उदार. चहाचा कप इथे लवकरच एक झाला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघांची गाठ पडली. वंगभंगाची चळवळ नुकतीच पेटलेली, स्वदेशीचे वारे सर्वत्र वाहू लागलेले, जपानने रशियाला नमवून वर्षही झाले नव्हते. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. उत्तरादाखल युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंचे आठ बळी होते आणि संघात शिवरामही होता. सुधारकांच्या पत्रांनी या विजयाचे मोल राज्यकर्त्यांवरील जयापुरते मर्यादित ठेवले नाही. हिंदू समाजाने जातीची भिंत थोडी वाकवली म्हणून हा दिवस दिसला, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. तो योग्यच होता, जरी वाकवलेली भिंत पाडलेल्या भिंतीपेक्षा बरीच निराळी असते हे पुढे दिसायचे होते.

१९११ चा इंग्लंड दौरा हा बाळूंच्या कारकिर्दीचा कळस. सर्व धर्मीय खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली विलायतेस गेला. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा तो उन्हाळा. महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा मेजवान्यांकडे अधिक. थोडे सामने खेळून ते बाजूला झाले आणि केकी मिस्त्री यांच्यासारखा बहारदार फलंदाजही त्यांच्या दिमतीला अडकून पडला. अशा विस्कळीत संघाने २३ पैकी १५ सामने गमावले यात नवल नाही. पण पस्तिशीतले, खांद्याच्या दुखण्याने हैराण झालेले बाळू गोलंदाजी करीतच राहिले. त्यांनी दौऱ्यात एकंदर ११४ बळी घेतले. त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील ७५, सरासरी वीसच्या आसपास. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लीस्टरशायरविरुद्ध ११ बळी घेऊन त्यांनी संघाला पहिला मोठा विजय मिळवून दिला आणि सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवरामने नाबाद शतक ठोकले. म्हणजे कौंटी संघांवरील दोन्ही विजयांवर पालवणकर बंधूंचीच मुद्रा होती. विल्फ्रेड ऱ्होड्स या थोर डावखुऱ्या गोलंदाजाशी बाळूंची तुलना होऊ लागली.

परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभाचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने लिहिले होते, असे नमूद आहे. अस्पृश्यांच्या पोराने गोऱ्यांच्या देशात जाऊन गोऱ्यांना त्यांच्याच खेळात गारद करावे, ही गोष्ट त्या तरुणाला किती मोठी वाटली असेल, याची कल्पना करता येते.

आता प्रश्न कर्णधारपदाचा. १९०७ पासून मुंबईत तिरंगी आणि १९१२ पासून मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी सामने सुरू झाले. हिंदू संघात बाळूंएवढा अनुभवी आणि यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. तरीही नेतृत्व दर वर्षी सवर्णाकडे. कर्णधार एम. डी. पै हे सारस्वत गृहस्थ सरळ मनाचे. १९१३ च्या एका सत्कारसभेत त्यांनी हा मान ज्येष्ठतेने बाळूंना मिळायला हवा होता, अशी कबुली दिली. कबुली मिळाली, पद मिळाले नाही. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिन्ही धाकटे भाऊ एव्हाना हिंदू संघात आले होते. एका चांभार कुटुंबाने संघाचा कणा पेलला होता आणि तरी मान झुकवायची ती त्यांनीच.

१९२० च्या डिसेंबरात हे सारे उफाळून आले. पै आजारी पडले. निवड समितीने पुण्याच्या दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधरांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पुढे ते महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य झाले. पण शिवराम आणि विठ्ठल त्यांच्याहून अनुभवी होते. दोघा भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे डावलले जात असल्याचे जाहीर पत्रकातून स्पष्ट शब्दांत मांडले. नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन अस्पृश्यता निवारणाची हाक देत असतानाच ही घटना घडावी, हा योगायोग बोलका आहे. लोकमत भावांच्या बाजूने झुकले. तेवढ्यात पै बरे झाले, संघात परतले. भाऊही परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चौदा-पंधरा वर्षांच्या सेवेचे फळ म्हणावे तर ते एवढेच. तीच त्यांच्या कारकिर्दीची अखेर. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१.

बाळूंना नाकारलेले पद १९२३ मध्ये विठ्ठलला मिळाले. त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले. विठ्ठलने पुढे ‘माझे क्रीडाजीवन’ हे मराठी आत्मचरित्र लिहिले. पालवणकर बंधूंविषयी आज जे ठाऊक आहे त्यातील बराच भाग या पुस्तकामुळे टिकला. रामचंद्र गुहा यांनी २००२ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात ही कथा नव्याने सांगितली, तेव्हा मराठी वाचकालाही आपलाच माणूस परक्या भाषेतून पुन्हा भेटला.

बाळूंच्या आयुष्याचा उत्तरार्ध राजकारणात गेला आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. मानपत्र लिहिणारा तरुण एव्हाना दलितांचा अग्रणी नेता झाला होता. पण बाळूंची वाट त्याच्या वाटेपासून दुरावत गेली. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता आणि त्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्या बाजूने उभे राहिले. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणानंतर जो पुणे करार झाला, त्याच्या स्वाक्षऱ्यांत आंबेडकरांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे. १९३३ मध्ये हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवून ते पराभूत झाले. १९३५ मध्ये आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तीही त्यांना रुचली नाही.

फेब्रुवारी १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध त्यांनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. या लढतीमुळे पुढे बाळूंची बाजू घेणे कोणालाच सोयीचे राहिले नाही. दलित चळवळीला ते विरोधकांच्या छावणीतले वाटले आणि सवर्णांना मातीच्या भांड्याची आठवण नकोशी होती. त्यांना कोणाच्या हातातले बाहुले ठरवणे मात्र अन्यायाचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सवर्णांच्या संघात राहून, चेंडूच्या जोरावर एकेक पायरी मिळवत गेलेल्या माणसाला हिंदू समाज आतूनच बदलेल असे वाटले, तर ते त्याच्या अनुभवाला धरूनच होते. त्याच अनुभवातून नेमका उलट निष्कर्ष काढायलाही पुरेशी जागा होती, आणि आंबेडकरांनी तो काढला.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली.