इंग्रजीच्या भूतकाळाचे नियम घराघरात पोचवणारा माणूस मास्तर नव्हताच, तो होता आजारी वकील

इंग्रजीच्या पेपरात रिकाम्या जागा भरताना ‘सॉ’, ‘हॅव सीन’ आणि ‘हॅड सीन’ यात अडकला नाही, असा मराठी माध्यमाचा विद्यार्थी सापडणं अवघडच. नियम पाठ असतात, पण मुलाखतीत तोंड उघडलं की नेमका चुकीचा काळ बाहेर पडतो. मग आपलं इंग्रजीच कच्चं, असं म्हणून आपण गप्प बसतो.

पण हे नियम शाळाशाळांमध्ये पोचवले कुणी? त्यात सगळ्यात मोठा वाटा असलेल्या माणसाचं नाव आहे लिंडली मरे. आणि गंमत म्हणजे हा माणूस पेशानं शिक्षक नव्हता.

वकिली, व्यापार आणि आजारपण

मरेचा जन्म १७४५ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधला. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे साधी राहणी आणि युद्धाला विरोध. वडील न्यूयॉर्कमधले बडे व्यापारी. मॅनहॅटनमधला ‘मरे हिल’ हा भाग याच कुटुंबाच्या नावानं ओळखला जातो.

वडिलांना वाटायचं पोरानं धंदा बघावा, पोराला शिकायचं होतं. वडिलांनी शिक्षा केली म्हणून हा गडी घर सोडून पळाला आणि न्यू जर्सीतल्या एका निवासी शाळेत जाऊन बसला. पुढे तो वकील झाला. वकिली शिकताना त्याच्यासोबत जॉन जे होता, जो नंतर अमेरिकेचा पहिला सरन्यायाधीश झाला.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तसा मरे शहर सोडून लाँग आयलंडला गेला. नंतर परत येऊन त्यानं व्यापार केला आणि युद्ध संपेपर्यंत आयुष्यभर पुरेल एवढा पैसा कमावला. पण तोवर पायातली ताकद जायला लागली होती. हवापालट म्हणून १७८४ मध्ये तो बायको हॅनासोबत इंग्लंडला गेला आणि यॉर्क शहराजवळच्या होलगेटमध्ये घर घेऊन राहिला. चालणं कमी होत गेलं. शेवटची काही वर्षं तर त्यानं घरातच काढली.

शिक्षिकांसाठी लिहिलेलं पुस्तक

यॉर्कमध्ये क्वेकर लोकांची मुलींची एक शाळा होती. तिथल्या तरुण शिक्षिकांना इंग्रजी व्याकरण शिकवायचं होतं, पण त्यांनाच ते कुणी नीट शिकवलेलं नव्हतं. त्या मरेकडे शिकायला येऊ लागल्या. मग त्यांनीच आग्रह धरला की हे सगळं पुस्तकात लिहा. त्यातून १७९५ मध्ये मरेचं इंग्रजी व्याकरण छापून आलं.

एका शाळेपुरतं लिहिलेलं हे पुस्तक ब्रिटन आणि अमेरिकेत घरोघरी गेलं. त्याच्या सगळ्या पुस्तकांच्या मिळून एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. भारतातल्या सुरुवातीच्या इंग्रजी शाळांतही हे व्याकरण शिकवलं गेलं. मरे एवढा प्रसिद्ध होता की डिकन्सच्या एका कादंबरीत मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन भरवणारी बाई एका विदूषकाच्या पुतळ्याचे कपडे बदलून त्याला लिंडली मरे बनवते.

भूतकाळाबद्दल मरे काय सांगतो?

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. काम झालं आणि तो वेळही संपला, तर साधा भूतकाळ. काम झालं, पण त्याचा आजशी संबंध शिल्लक आहे, तर ‘हॅव’. आणि भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी दुसरी गोष्ट होऊन गेली असेल, तर तिथे ‘हॅड’.

हे समजावताना तो रोमन वक्ता सिसेरोचं उदाहरण देतो. सिसेरोची भाषणं आजही वाचायला मिळतात, म्हणून ती त्यानं लिहिली आहेत असं ‘हॅव’ लावून म्हणता येईल. त्याच्या कविता हरवल्या, म्हणून तिथे ‘हॅव’ चालणार नाही. आज हयात नसलेल्या लेखकाबद्दल इंग्रजीत सहसा साधा भूतकाळच वापरतात, त्यामुळे हे उदाहरण जुनं झालंय. पण त्यामागचा विचार अजून लागू पडतो.

‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चुकतं ते यामुळेच. काल संपला, आणि ‘हॅव’ला संपलेली वेळ चालत नाही. ‘आय हॅव सीन हिम टुडे’ मात्र बरोबर, कारण आज अजून चालू आहे.

मग आपण नेमके कुठे अडकतो?

मराठीत ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे अगदी बरोबर वाक्य आहे. ‘होतो’ लावायला आपल्याला दुसरी घटना लागत नाही. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ तयार होतं. ऐकणारा विचारतो, कशाच्या आधी? तिथे ‘आय वेंट’ पुरेसं असतं. पण ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ यात दोन घटना आहेत, त्यामुळे सुटलेल्या गाडीला ‘हॅड लेफ्ट’च हवं.

म्हणजे ही चूक ढ असण्याची नाही. आपल्या भाषेचा ‘होतो’ आणि इंग्रजीचा ‘हॅड’ दिसायला सारखे आहेत, कामं मात्र वेगळी करतात.

चुका मरेच्याही निघाल्या

मरेनं चुकीची वाक्यं देऊन ती दुरुस्त करायला लावणारं सरावाचं पुस्तकही १७९७ मध्ये काढलं. ही पद्धत आधीपासून होती, त्यानं ती सगळीकडे पोचवली. आजच्या स्पर्धा परीक्षांतला ‘चूक शोधा’ हा प्रश्न त्याच जातकुळीतला.

त्याच्यावर टीकाही झाली. बरेचसे नियम त्यानं रॉबर्ट लाउथसारख्या आधीच्या अभ्यासकांकडून घेतले होते. आपलं पुस्तक हे संकलन आहे, असं तो प्रस्तावनेत स्वतःच सांगतो. पुस्तकांच्या कमाईतला पैसा त्यानं दानधर्माला दिला. १८२६ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी होलगेटमध्येच तो वारला.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या लेखकानं एक अख्खं पुस्तक काढलं. विषय होता, लिंडली मरेचं वाईट इंग्रजी.

जगाला व्याकरण शिकवणारासुद्धा यातून सुटला नाही. तेव्हा पुढच्या वेळी ‘हॅव’ की ‘हॅड’ असा प्रश्न पडला तर गप्प बसू नका. वेळ संपली का, आणि याच्या नंतर घडलेली दुसरी कुठली घटना मी सांगतोय का, एवढं स्वतःला विचारा आणि बोलून टाका.